शेजाऱ्याशी वाजलंय? आधी गुडघे, मग जिना, मग अर्ज

सगळ्यांना सलाम.

परवा चर्चची उपासना सुटल्यावर आमच्या मंडळीतली एक नवीन लग्न झालेली मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, मावशी, समोरच्या फ्लॅटवाल्या रोज रात्री कचऱ्याची पिशवी आमच्या दाराजवळ ठेवतात, तीन महिने झाले प्रार्थना करतेय, काहीच फरक नाही. मी विचारलं, त्यांना एकदा तरी सांगितलंस का? तर म्हणे नाही, प्रभूवर सोपवलंय ना, मग मी कशाला बोलू.

मला हसू पण आलं आणि स्वतःची लाज पण वाटली, कारण मी पण पाच महिने हेच केलं होतं. आम्ही आधी नाशिकच्या शरणपूर रोडला सासऱ्यांच्या जुन्या घरात राहायचो, तिथे आजूबाजूला सगळी आपलीच माणसं, भांडण झालं तरी रविवारी एकाच बाकावर बसायचं त्यामुळे ते फार टिकायचं नाही. मग पाथर्डी फाट्याकडे फ्लॅट घेतला. तिथे आम्ही एकटेच ख्रिस्ती, आणि वरच्या मजल्यावरच्या काकांच्या बाथरूममधून आमच्या हॉलच्या छतात पाणी. ते प्रकरण ऑगस्टला सुरू झालं आणि पुढच्या एप्रिलला मिटलं. त्यात मी ज्या ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका म्हणून हे क्रमाने लिहितेय. पायऱ्या शक्यतो ह्याच ऑर्डरने घ्या, मी उलट्या घेतल्या होत्या.

काय काय हाताशी ठेवायचं

- एक साधी वही. तारीख, वेळ, काय झालं, एवढंच. विशेषणं नकोत. "परत मुद्दाम पाणी सोडलं" असं लिहायचं नाही, "सकाळी ७.१०, छतातून थेंब, २० मिनिटं" असं लिहायचं.
- मोबाईलमध्ये फोटो, व्हिडिओ, पण शेजाऱ्याच्या घराच्या आतले किंवा त्यांच्या बायका-मुलांचे अजिबात नाही.
- घराचा करारनामा किंवा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), मेंटेनन्सच्या पावत्या. भाड्याने असाल तर भाडेकरार आणि घरमालकाचा नंबर, कारण अर्ज शेवटी त्याच्या नावानेच जास्त चालतो.
- तुमची बिल्डिंग "सोसायटी" आहे की "अपार्टमेंट" ते आधी विचारून ठेवा. नाशकात दोन्ही भरपूर आहेत आणि लोक दोन्हीला सोसायटीच म्हणतात. सोसायटी सहकार कायद्याखाली, १९६० चा, तिचे उपविधी असतात. अपार्टमेंट १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली, तिथे डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे बिल्डिंगचं घोषणापत्र, बघायचं.
- बायबल, अर्थातच. आणि प्रार्थनेची वेगळी वही असली तर उत्तम, तक्रारीच्या वहीत प्रार्थना लिहू नका. मी लिहिल्या होत्या, मग नंतर चेअरमनला वही दाखवताना पंचाईत झाली.

१. आधी स्वतःचं मुसळ

बायबलमधल्या मत्तयच्या सातव्या अध्यायातलं कुसळ आणि मुसळ आपल्याला लहानपणापासून पाठ आहे, पण ते आपल्यासाठी आहे असं कधी वाटतच नाही. तर एक काम करा, एका संध्याकाळी टीव्ही, मिक्सर, पोरं सगळं नेहमीसारखं चालू ठेवून दार लावून बाहेर जिन्यात पाच मिनिटं उभं राहा. आपलं घर बाहेरून कसं ऐकू येतं ते कळेल.

आमच्याकडे दर शुक्रवारी घरप्रार्थना असायची. दहा-बारा लोक, कीबोर्ड, ढोलकी, एक खंजिरी, साडेआठला सुरू व्हायची आणि साक्षी, म्हणजे आपापले देवाचे अनुभव सांगणं, सुरू झाल्या की दहा कुठे वाजायचे कळायचंच नाही. मधून मधून वरून ठक ठक असा आवाज यायचा. आम्हाला वाटायचं काका काहीतरी खिळे ठोकतायत. एकदा तर आमचे हे म्हणाले, ह्यांना शुक्रवारीच बरा मुहूर्त मिळतो! ती काकांची काठी होती, फरशीवर आपटायचे ते, हे मला दोन वर्षांनी कळलं.

नीतिसूत्रे २७:१४ काढून वाचा. पहाटे उठून मोठ्याने मित्राला आशीर्वाद देणाऱ्याचा आशीर्वाद शापासारखा धरला जाईल अशा अर्थाचं वचन आहे. इतकी वर्षं बायबल वाचतेय पण ह्या ओळीवर माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

२. नाव घेऊन प्रार्थना करा, आणि छोटी करा

"प्रभू, माझ्या सर्व शत्रूंना आशीर्वाद दे" ही प्रार्थना सोपी आहे, कारण त्यात कोणाचंच नाव नाही. येशूने मत्तय ५:४४ मध्ये छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलं, ते मोघम नाहीये. ज्याचा राग येतोय त्याचं नाव घ्यायचं, आणि त्याच्यासाठी एक तरी अशी गोष्ट मागायची जी खरंच त्याला हवी असेल. मला सुरुवातीला काकांसाठी काय मागावं हेच सुचेना. मग लक्षात आलं की शेजारी राहून मला त्यांच्याबद्दल काहीच माहीत नाही. मुलगा कुठे असतो, तब्येत कशी, काहीच नाही. नुसता फ्लॅट नंबर माहीत. तर पहिला आठवडा फक्त त्यांच्या गुडघ्यासाठी प्रार्थना केली, कारण जिना उतरताना ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरतात एवढं मी बघितलं होतं.

मी म्हणायचे ती प्रार्थना अशी, तुम्ही आपल्या शब्दात करा:

"हे स्वर्गीय पित्या, वरच्या काकांचा गुडघा तू बघतोस. त्यांना आज रात्री झोप लागू दे. माझ्या मनात त्यांच्याबद्दल जे साचलंय ते तुला माहीतच आहे, मी लपवत नाही. ते आधी वाहून जाऊ दे, मग छताचं बघू. येशूच्या नावाने मागते, आमेन."

दुसरी, बोलायला जायच्या आधीची. ही स्तोत्र १४१ च्या तिसऱ्या ओळीवरून घेतलीय, मुखावर पहारा ठेव म्हणून:

"प्रभू, माझ्या तोंडावर पहारा ठेव. जुनं काही उकरून निघू देऊ नको. त्यांनी आवाज चढवला तर माझा खाली येऊ दे. आमेन."

आणि काहीच सुचत नसेल, रागाने हात थरथरत असतील, तर सरळ प्रभूची प्रार्थना म्हणा आणि "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" इथे थांबा. आपल्या मराठी प्रार्थनेत तो "ऋण" शब्द आहे ना, तो अशा वेळी फार नेमका लागतो, कारण शेजाऱ्याचं भांडण हे बहुतेक उधारीचंच असतं, त्याने माझं अमुक केलं नाही, मी का त्याचं तमुक करू.

आमच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या पास्टरांनी, तेव्हा एक गोष्ट सांगितली होती. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर यांनी १५२९ साली मुलांना आणि घरच्या लोकांना शिकवायला जी लहान प्रश्नोत्तरी लिहिली, त्यात प्रभूच्या प्रार्थनेतली "रोजची भाकर" म्हणजे काय काय ह्याची यादी आहे. अन्न, कपडे, घर, चांगलं राज्य, चांगलं हवामान, आणि त्याच यादीत विश्वासू शेजारी. म्हणजे रोज भाकर मागताना आपण शेजारी पण मागतच असतो. मी त्यांना म्हटलं, साहेब, मग माझी भाकर जरा करपलेली आलीय. ते म्हणाले, तुम्ही पण कोणाची तरी भाकर आहात. मी गप्प.

३. ह्या प्रार्थना करू नका

हे वेगळं लिहितेय कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते.

ऐकू जाईल अशी प्रार्थना. मी केलीय. बाथरूमच्या बाजूला जी डक्ट असते ना, तिच्यातून आवाज अगदी लाउडस्पीकरसारखा वर जातो. मी तिथे कपडे घासता घासता मोठ्याने म्हणायचे, प्रभू वरच्यांना सद्बुद्धी दे, त्यांना दुसऱ्याचं दुःख कळू दे. काकूंनी नंतर मला शब्द न शब्द ऐकवला. ती प्रार्थना नव्हतीच हो, तो देवाच्या पत्त्यावर टाकलेला टोमणा होता.

"प्रभू त्यांना धडा शिकव." स्तोत्रांमध्ये असं भरपूर आहे, १०९ वं स्तोत्र वाचा, अंगावर काटा येईल. राग देवाकडे ओतायला हरकत नाही, दावीद पण ओततो. पण ओतून रिकामं व्हायचं, त्यांच्या घरी कोणी आजारी पडलं की "बघा, उत्तर मिळालं" म्हणायचं नाही. आमच्याच एका नातेवाईक बाईंनी हे म्हटलं होतं आणि ते त्या शेजाऱ्यांपर्यंत पोचलं, आजतागायत बोलणं बंद आहे.

मंडळीतली "प्रार्थना विनंती". शुक्रवारी उभं राहून शेजाऱ्याचं नाव, फ्लॅट नंबर, काय काय केलं सगळं सांगायचं आणि शेवटी "तेवढी प्रार्थनेत आठवण ठेवा". ह्याला मराठीत चहाडी म्हणतात. नाव न घेता विनंती करता येते.

तेल लावणं, दारावर क्रॉस काढणं, त्यांच्या उंबऱ्यावर काही शिंपडणं. कृपा करून नको. तुमचा हेतू काही असो, समोरच्याला ती करणी वाटते, आणि त्यात त्यांचीही चूक नाही.

४. प्रॉब्लेम नक्की काय आहे ते शोधा

मला ऑगस्टमध्ये छतावर पहिला डाग दिसला तेव्हा वाटलं पावसाचं असेल. त्या वेळी पाऊसही तसाच होता, गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं असे व्हिडिओ येत होते, सगळ्या नाशिकच्याच भिंती ओल्या, म्हटलं सुकेल. नोव्हेंबर उजाडला तरी सुकेना. उलट डागाला कडेने पिवळी किनार आली आणि मधोमध प्लास्टर असं फुगलं, जुन्या भाकरीसारखं. मग डिसेंबरात एका शुक्रवारी प्रार्थनेला एक आजी समोर बायबल उघडून वाचत बसल्या होत्या आणि बरोबर त्या पानावर टप. त्यांनी पदराने पुसलं, वाचत राहिल्या. परत टप. त्यांनी वर बघितलं, चष्मा पुसला आणि खुर्ची सरकवून पुढची ओळ वाचली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गळतीचं थोडं सांगते कारण बिल्डिंगमधली निम्मी भांडणं ह्याच्यावरून आहेत. चोवीस तास सारखं ओलं असेल, रात्री पण थेंब चालू, तर बहुतेक भिंतीतली पाण्याची पाइप. वरच्यांच्या अंघोळी झाल्यावर तास-दोन तासात थेंब आणि दुपारी बंद, तर नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या फरशीतलं पाणी जायचं तोंड) किंवा टाइल्सच्या जॉइंटमधून. फक्त पाऊस असतानाच, तर बाहेरची भिंत किंवा टेरेस. म्हणून ती वही महत्त्वाची, आठवडाभर वेळा लिहिल्या की प्लंबरला अर्धं उत्तर तिथेच मिळतं. आमच्या वहीत सगळे थेंब सकाळी सात ते नऊ. खात्री करायची तर वरच्या बाथरूममध्ये ट्रॅप बंद करून रंगीत पाणी थोडा वेळ तुंबवतात, खाली रंग उतरला की झालं. पण ते करायला वरच्यांचं दार उघडावं लागतं, आणि म्हणून पुढची पायरी.

सोसायटीत साधारण असं धरलंय की संडास, सिंक वगैरे घराच्या आतली गळती त्या सभासदाच्या खर्चाने, आणि बाहेरची कॉमन पाइपलाइन, ड्रेनेज, पावसाचं पाणी हे सोसायटीच्या खर्चाने. हे आधी माहीत असलं की भलत्या माणसाशी भांडण होत नाही.

५. जिना चढा. एकट्याने.

मत्तय १८:१५ मध्ये क्रम अगदी साफ दिलाय, आधी एकट्याने जा, तुम्ही दोघंच असताना सांग. तो मंडळीतल्या भावाबद्दल आहे हे खरं, पण शेजाऱ्यालाही चालतो, मी करून बघितलाय.

आधी मी काय केलं होतं ते सांगते. रात्री अकराला छताचा फोटो काढून बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "किती दिवस सहन करायचं?" अठ्ठावीस फ्लॅट. पाच अंगठे, दोन रडके चेहरे, एकाने स्वतःच्या पार्किंगची तक्रार जोडली, आणि काका ग्रुपमधून बाहेर पडले. तो एक फोटो मला फार महाग पडला, कारण त्यानंतर चूक मान्य करायची असती तरी त्यांना चारचौघांसमोर मान खाली घालून करावी लागली असती. ग्रुपवर कधीही पहिली तक्रार टाकू नका. दुसरी पण नको.

जायचं कधी: सकाळी पाण्याची वेळ असते, दुपारी झोप, रात्री थकवा. संध्याकाळी पाच ते सात बरी. सणाच्या दिवशी नाही. माणूस नुकताच कामावरून आलाय, हातात हेल्मेट आहे, तर त्या दिवशी नाही.

हातात काय न्यायचं: मी नाताळच्या करंज्यांचा डबा नेला होता, जानेवारीचा पहिला आठवडा होता. ह्याच्यावर दोन मतं आहेत. आमचे हे म्हणाले लाच वाटेल. मला वाटतं डबा असला की दार उघडणाऱ्याचे हात गुंततात आणि माणूस "आत या" म्हणतो. मात्र बायबल, पत्रक, कॅलेंडर असं काही त्या दिवशी अजिबात नेऊ नका. भांडण मिटवायला आलात की धर्म सांगायला, असा प्रश्न पडला की संपलं.

काय बोलायचं: पहिलं वाक्य त्यांच्याबद्दलचं. मी म्हटलं, काका, गुडघा कसा आहे आता? ते माझ्याकडे बघतच राहिले. काकूंनी पाणी आणलं. मग मी म्हटलं, एक मदत हवी होती, आमच्या हॉलच्या छतात पाणी येतंय, रोज सकाळी सात ते नऊ, तुम्ही एकदा खाली येऊन बघाल का? "तुमच्यामुळे" म्हणायचं नाही. "बघाल का" म्हणायचं.

आणि मग विचारायचं, आमच्याकडून तुम्हाला काही त्रास होतो का? हे विचारायला धाडस लागतं, मला पाळकसाहेबांनी विचारायलाच लावलं होतं. मत्तय ५:२३-२४ त्यांनी वाचून दाखवलं होतं, वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर आधी जाऊन समेट कर. "त्याच्या मनात आपल्याविरुद्ध", लक्षात घ्या, आपल्या मनात त्याच्याविरुद्ध नाही.

काका तर वाटच बघत होते जणू. "ताई, शुक्रवारी तुमचं दहापर्यंत चालतं. मला बीपी आहे, साडेनऊला गोळी घेऊन पडतो मी. दोन वर्षं काठी आपटतोय, तुम्ही लोक टाळ्या वाढवता." त्यांना वाटलं होतं आम्ही त्यांना डिवचायला टाळ्या वाढवतो! आम्ही तर गाण्याचा शेवट आला म्हणून वाढवायचो. मला काय बोलावं सुचेना, मी फक्त म्हटलं, काका, खरंच माहीत नव्हतं, चुकलं आमचं.

त्याच आठवड्यापासून आम्ही प्रार्थना सातला सुरू करून सव्वाआठला संपवायला लागलो, ढोलकी बंद, कीबोर्डचा आवाज निम्मा. मंडळीतल्या दोघांना हे आवडलं नाही, म्हणाले आपण दबतोय. मला नाही वाटत. रोमकरांस पत्र १२:१८ मध्ये पौल म्हणतो, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सगळ्यांबरोबर शांतीने राहा. आमच्याकडून पावणेदोन तास आधी संपवणं होत होतं, ते केलं.

६. नाही ऐकलं तर दोघं-तिघं

आमच्या काकांनी ऐकून तर घेतलं पण प्लंबर काही बोलवेनात, आज बघू, मुलगा पुण्याहून आला की बघू. एक महिना थांबले. मग त्याच अध्यायातली सोळावी ओळ, एक-दोघांना बरोबर घे. इथे गोम अशी की आपण आपल्याच बाजूची माणसं नेतो. दीर, मंडळीतले दोन तरुण, गळ्यात क्रॉस, दारात सहा चपला. समोरच्याला वाटतं मोर्चा आला. असा माणूस न्या ज्याचं दोन्हीकडे ऐकतात. आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर एक रिटायर्ड सर आहेत, काकांबरोबर रोज सकाळी फिरायला जातात, त्यांना नेलं. ते फक्त एवढंच म्हणाले, "अरे, माझ्याकडे पण झालं होतं हे, नहाणी ट्रॅप असणार, माझा प्लंबर देतो." झालं. पाच महिने मी जे बोलू शकले नाही ते पाच सेकंदात.

मध्ये फेब्रुवारीत नाशिक रोडला बाळ येशूची यात्रा होती. काकूंनी स्वतःहून विचारलं, जाणार असाल तर माझ्या नावाने एक मेणबत्ती लावाल का, मुलाच्या नोकरीसाठी. आम्ही काही कॅथलिक नाही, तरी गेले, गर्दी तर विचारू नका, सगळ्या जातीधर्माची माणसं रांगेत, आणि लावली. कोणी ह्याला काही म्हणो.

७. लेखी अर्ज, आणि पुढचं

काही लोकांना वाटतं ख्रिस्ती माणसाने तक्रार करूच नये. पौलाने केली होती, प्रेषितांची कृत्ये २५:११, मी कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागतो म्हणाला. फक्त मंडळीतल्याच भावाशी वाद असेल तर १ करिंथ ६ वाचा आणि आधी पाळकांकडे आणि पास्टरेट कमिटीकडे, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीकडे, जा.

क्रम साधारण असा. आधी सेक्रेटरी किंवा चेअरमनला लेखी अर्ज, दोन प्रती, एका प्रतीवर पोच म्हणून सही, शिक्का, तारीख. तोंडी सांगितलेलं कोणी लक्षात ठेवत नाही. अर्जात फक्त तारखा आणि मागणी, बायबलचं वचन नको आणि टोमणा नको. कमिटी हलत नसेल आणि नोंदणीकृत सोसायटी असेल तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांचं ऑफिस.

आवाजाचा त्रास असेल तर नियम माहीत ठेवा, ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. हे आपल्या उपासनेला पण लागू आहे बरं का, फक्त त्यांच्या डीजेला नाही.

धमकी, मारहाण, दारावर लाथा, पाठलाग, असं काही असेल तर मात्र वरच्या सगळ्या पायऱ्या सोडा आणि ११२ लावा. करंज्या नको, प्रार्थना फोन लावता लावता करा. बायकांनी तर एकटीने जिना चढायची पायरी अशा घरी घ्यायचीच नाही. साधी शिवीगाळ असेल तर पोलीस बहुतेक एनसी घेतात, म्हणजे अदखलपात्र, त्याची कॉपी मागून घ्या, नंबर जपून ठेवा. सारखंच होत राहिलं तर चॅप्टर केस करतात, शांतता राखायचा बॉण्ड घेतात, पण त्यात बऱ्याचदा दोन्ही पार्ट्यांना बोलावतात, तयारी ठेवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन १५१००, महिलांना उत्पन्नाची अट नाही, मोफत सल्ला मिळतो.

८. धर्माचा विषय निघाला तर

निघतो. "तुम्ही लोक बाहेरून माणसं बोलावता", "तुम्ही आधी कोण होतात" वगैरे. मला पण विचारलंय. प्रत्येक भांडणाला छळ म्हणू नका ही माझी पहिली विनंती. आमच्या छतात येणारं पाणी सर्वधर्मसमभावाने येत होतं. पार्किंग, कचरा, पाणी ही पार्किंग, कचरा, पाण्याचीच भांडणं असतात, त्यात धर्म आपण पण ओढतो आणि ते पण.

शांतपणे उत्तर द्यायचं तर मी आमच्या शरणपूरची गोष्ट सांगते. एकोणिसाव्या शतकात मिशनने वसवलेली वस्ती, नावच शरण आलेल्यांचं पूर. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं पण तिथे राहून शिकली, त्यातले काही पुढे स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिविंगस्टनबरोबर आफ्रिकेत गेले आणि १८७३ साली तो वारला तेव्हा त्याचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होते. नाशिकला शेजारी म्हणून कोण कोण येऊन गेलंय! काकांना हे ऐकून इतकं नवल वाटलं की पुढचे दोन दिवस सगळ्या बिल्डिंगला तेच सांगत होते.

पण खरंच धर्मावरून दमदाटी होत असेल, प्रार्थना थांबवायला जमाव येत असेल, तर एकट्याने वाद घालू नका, व्हिडिओ पण समोर नाचवू नका. ११२, मग पाळक किंवा फादर, मग वकील.

९. कधी कधी जागा सोडावी लागते

हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. उत्पत्तीचा २६ वा अध्याय वाचा, इसहाकाच्या विहिरी. त्याच्या माणसांनी विहीर खणली, गराराचे गुराखी म्हणाले पाणी आमचं. त्याने त्या विहिरीचं नाव ठेवलं एसेक, म्हणजे भांडण, आणि पुढे गेला. दुसरी खणली, तिच्यावरून पण वाद, तिचं नाव सितना, वैर. परत पुढे. तिसऱ्यावर कोणी भांडलं नाही, ती रहोबोथ, ऐसपैस जागा. आणि गंमत म्हणजे नंतर ज्यांच्याशी तेढ होती तो राजाच करार करायला त्याच्याकडे आला, जेवला, शपथ घेतली.

माझ्या एका मैत्रिणीने जेल रोडचा भाड्याचा फ्लॅट असाच सोडला, दोन वर्षं सगळं करून झालं होतं. तिला फार अपराधी वाटायचं, आपण विश्वासात कमी पडलो. मी तिला हा अध्याय पाठवला. नवीन घरी तिने दारावर कागदाची पट्टी लावलीय, "रहोबोथ", पोस्टमन विचारतो हे कोणाचं आडनाव.

आमच्या छताचं काय झालं

एप्रिलमध्ये सरांचा प्लंबर आला, नहाणी ट्रॅपचा जॉइंट फुटला होता, वरून टाइल्सचं ग्राउटिंग पण गेलेलं. वरचं बिल काकांनी भरलं, खालचं प्लास्टर आम्ही केलं. काम चालू होतं ते चार दिवस काका-काकू अंघोळीला आमच्याकडे यायचे, सकाळी साडेसहाला टॉवेल खांद्यावर टाकून, आणि जाताना काका चहा घेऊन पेपर वाचत बसायचे ते नऊपर्यंत, मला ऑफिसला उशीर. हे पण सांगायलाच हवं, समेट झाला की असं पण होतं. नीतिसूत्रे २५:१७ शेजाऱ्याच्या घरी फार जाऊ नये म्हणतं, ते मी काकांना अजून वाचून दाखवलेलं नाही.

डागाला रंग द्यायचा राहिलाय. ह्या पावसात थेंब नाही पडला, पण काका म्हणाले दिवाळीपर्यंत थांबा ताई, आतलं नीट सुकू दे, नाहीतर रंग परत फुगेल.